दाढ काढायची आहे? घाबरू नका, पण माहिती घेऊन जा

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या आरोग्यविषयक भाषणाचं लेखी रूप)

मैत्रिणींनो, सकाळची कामं उरकली का? ज्यांची उरकली नसतील त्यांनी भाकऱ्या थापता थापता ऐकलं तरी चालेल. आजचा विषय आपल्या सगळ्यांच्या तोंडातला आहे. दात काढायला जाण्याआधी, काढताना आणि काढून घरी आल्यावर काय काय लक्षात ठेवायचं, ते आज आपण बोलणार आहोत.

हा विषय आम्ही का निवडला, ते आधी सांगतो. आमच्या बचत गटातल्या एका काकूंची गोष्ट आहे. त्यांना विचारूनच सांगतोय. नाव मात्र सांगणार नाही.

सुगीचे दिवस होते. काकूंची खालची दाढ ठणकायला लागली. त्यांनी लवंग दाबली, मग मिश्री भरली, मग दुकानातून दुखण्याची गोळी आणली. दोन आठवडे रोज गोळी खाऊन त्या काढणीला जात होत्या. आम्ही म्हणालो, "काकू, दवाखान्यात जाऊन या." त्या म्हणाल्या, "दातासाठी कोण मजुरी बुडवतं गं?" आणि एक दिवस दाढ दुखायची आपोआप थांबली. काकू खूश. आम्हीही गप्प बसलो.

महिन्याभराने गटाच्या बैठकीला काकू पदर गालावर धरून आल्या. पदर बाजूला केला तर गाल नारळाएवढा सुजलेला. तोंड उघडेना, थुंकी गिळवेना, अंगात ताप. आम्ही दोघी-तिघींनी त्यांना तसंच ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथून त्यांना जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठवलं. पाच दिवस सलाईनमधून औषधं, जबड्याखालून पू काढला, मग दाढ काढली. तिथेच रक्त तपासलं तेव्हा कळलं की काकूंना मधुमेह आहे. साखर तीनशेच्या वर होती आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

एक दिवसाची मजुरी वाचवायला गेल्या आणि जवळजवळ तीन आठवडे घरी बसावं लागलं. जीव वाचला हे नशीब. त्या दिवशी आम्ही ठरवलं, की या विषयावर बोलायचंच.

दुखणं थांबलं म्हणजे दाढ बरी झाली का?

नाही. हीच फसगत काकूंची झाली. दाताच्या वर पांढरं कडक कवच असतं आणि आत मऊ गाभा असतो. त्या गाभ्यात रक्तवाहिन्या आणि नस असते. कीड कवच पोखरत गाभ्यापर्यंत पोचली की दात ठणकतो. पुढे ती नस मरते. नस मेली की दुखणं थांबतं. पण कीड तिथेच असते. ती मुळाच्या टोकातून हाडात उतरते, तिथे पू साठतो आणि एक दिवस गाल सुजतो.

म्हणून ठणकणारी दाढ अचानक शांत झाली तर आनंद मानू नका. उलट तेव्हाच दवाखान्यात जा.

प्रत्येक दुखरी दाढ काढावीच लागते का?

तेही नाही. पुष्कळ बायका खुर्चीत बसल्या बसल्या म्हणतात, "डॉक्टर, एकदाची काढून टाका, कटकट नको." पण दात पिकलेल्या पानासारखा नाही, की पडला तर पडला. मोठ्या माणसाचा काढलेला दात परत येत नाही.

कीड वरवर असेल तर साफ करून सिमेंट भरता येतं. नसेपर्यंत पोचली असेल तर रूट कॅनॉल करून दात वाचवता येतो. त्याला दोन-तीन फेऱ्या लागतात आणि खाजगी दवाखान्यात खर्चही जास्त येतो, हे खरं आहे. पण आधी विचारा तरी, "डॉक्टर, हा दात वाचेल का? वाचवायला किती खर्च येईल? काढला तर पुढे काय?" हे विचारणं म्हणजे उद्धटपणा नाही. तो आपला हक्क आहे.

दात काढायची वेळ केव्हा येते? तो इतका किडला की भरायला काही उरलं नाही तेव्हा. हिरड्यांच्या आजाराने मुळाभोवतीचं हाड झिजून दात फार हलायला लागला तेव्हा. मुळापर्यंत उभा तडकला तेव्हा. किंवा अक्कलदाढ आडवी अडकून पुन्हा पुन्हा सूज येत असेल तेव्हा.

दात काढल्यावर जागा मोकळी राहिली तर शेजारचे दात हळूहळू त्या बाजूला कलतात आणि समोरचा दात लांबतो. म्हणून जखम भरल्यावर तिथे कवळी किंवा पक्का दात बसवायचा का, हेही विचारून ठेवा. अक्कलदाढेच्या जागी मात्र काही बसवावं लागत नाही.

कुठे जायचं?

बाजाराच्या दिवशी रस्त्याच्या कडेला पेटी मांडून दात काढून देणारे काही ठिकाणी अजून दिसतात. पैसे कमी घेतात, वेळ लागत नाही. पण त्यांची अवजारं एका तोंडातून काढून दुसऱ्या तोंडात जातात. रक्तातून पसरणारे आजार, म्हणजे काविळीचे ब आणि क प्रकार आणि एचआयव्ही, अशा अवजारांतून आणि सुयांतून येऊ शकतात. वीस-पंचवीस रुपये वाचवून जन्माचं दुखणं घरी आणू नका.

दातांच्या डॉक्टरची पदवी बी.डी.एस. असते. पाटीवर पदवी आणि नोंदणी क्रमांक बघा. सुई नवी फोडली का, अवजारं निर्जंतुक केलेली आहेत का, हातमोजे नवे घातले का, हे तीन प्रश्न विचारायला लाजू नका.

उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयात दातांचा विभाग असतो आणि पुष्कळ ग्रामीण रुग्णालयांतही दातांचे डॉक्टर असतात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. डॉक्टर कोणत्या वारी असतात ते आशाताईंना विचारून घ्या, म्हणजे एसटीची फेरी फुकट जाणार नाही.

डॉक्टरांना काय सांगायचं?

मैत्रिणींनो, कागद-पेन जवळ असेल तर हे लिहून घ्या. दात काढण्याआधी या गोष्टी डॉक्टरांनी विचारल्या नाहीत तरी आपण होऊन सांगायच्या:

१. मधुमेह आहे का. साखर वाढलेली असेल तर जखम उशिरा भरते आणि पू होण्याची भीती जास्त. अलीकडचा रिपोर्ट बरोबर न्या.
२. रक्तदाब आहे का. त्या दिवशीची गोळी चुकवू नका.
३. रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का. हृदयाच्या त्रासानंतर किंवा लकव्यानंतर ही गोळी देतात. ती आपल्या मनाने बंद करू नका. बंद केल्याने जिवाला धोका होऊ शकतो. काय करायचं ते दोन्ही डॉक्टर मिळून ठरवतील.
४. हृदयाची झडप बदलली आहे का. अशांना दात काढण्याआधी वेगळं औषध द्यावं लागतं.
५. दिवस गेलेत का, किंवा अंगावर पाजता का.
६. कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का. आधी कधी जखम झाली तेव्हा रक्त थांबायला खूप वेळ लागला होता का.
७. दमा, फिट, मूत्रपिंडाचा किंवा काविळीचा आजार आहे का.
८. हाडं मजबूत होण्यासाठी इंजेक्शन किंवा गोळ्या चालू आहेत का, किंवा कधी तोंडा-गळ्याला शेक, म्हणजे रेडिएशन, दिलं होतं का. अशा वेळी जबड्याचं हाड नीट भरत नाही, म्हणून हे फार महत्त्वाचं आहे.

गोळ्यांची नावं पाठ नसतील तर रिकामी पाकिटं पिशवीत टाका. डॉक्टरांना तेवढं पुरतं.

प्रत्यक्ष दात काढताना काय होतं?

जाताना पोटभर न्याहारी करून जा. साधी भूल देऊन दात काढायचा असेल तर उपाशी राहायचं नसतं. एकादशी, चतुर्थी किंवा नवरात्राचे कडक उपवास असतील तर दिवस बदलून घ्या. उपाशीपोटी चक्कर येते आणि मधुमेही बाईची साखर एकदम खाली जाऊ शकते. बरोबर कुणाला तरी घेऊन जा.

डॉक्टर आधी फोटो, म्हणजे एक्स-रे, काढतील. मुळं वाकडी आहेत का, पू किती आहे, हे त्यात दिसतं. मग हिरडीत भुलेचं इंजेक्शन देतात. ते टोचताना दुखतं, हे खोटं सांगणार नाही. पण काही मिनिटांत ओठ आणि गाल जड होतात. त्यानंतर दाब जाणवतो, ओढल्यासारखं, हलवल्यासारखं वाटतं, करकर आवाज येतो. पण तीव्र कळ यायला नको. कळ आली तर हात वर करा. डॉक्टर आणखी भूल देतील. दात-ओठ खाऊन सोसायची तिथे काही गरज नाही.

सुरू करण्याआधी आरसा मागा आणि कोणता दात काढायचा ते बोटाने दाखवून घ्या.

सूज फार असेल तर डॉक्टर कधी कधी आधी औषध देऊन नंतर बोलावतात, कारण पू असलेल्या जागी भूल नीट लागत नाही. औषधाने दोन दिवसांत बरं वाटलं की पुष्कळ जणी परत जातच नाहीत. हे करू नका. गोळ्यांनी सूज उतरते, कीड जात नाही.

घरी आल्यावर

दात काढला की तिथे खळगा होतो आणि त्यात रक्ताची गुठळी जमते. ही गुठळी म्हणजे जखमेचं झाकण. खरवडल्यावर गुडघ्यावर खपली धरते ना, तशीच. खपली उपटली तर काय होतं ते आपल्याला माहीत आहे. पहिल्या दिवसाची सगळी पथ्यं या एका गुठळीसाठी आहेत.

कापसाचा बोळा अर्धा ते पाऊण तास घट्ट दाबून धरा. मधे मधे काढून बघू नका. थुंकी गिळा. सारखं थुंकल्याने गुठळी निघते आणि रक्त पुन्हा सुरू होतं. थुंकीत थोडा लाल रंग दिवसभर दिसतो. थोडंसं रक्त थुंकीत मिसळलं की खूप वाटतं, त्याला घाबरू नका.

भूल उतरेपर्यंत, म्हणजे दोन-चार तास, चावून खाऊ नका, नाहीतर आपलाच ओठ-गाल चावला जाईल. त्यानंतर मऊ आणि गार खा: ताक-भात, गार झालेली खिचडी, पेज, केळं, दुधात कुस्करलेली भाकरी. गरम चहा, तिखट रस्सा आणि शेंगदाणे-चिवडा पहिल्या दिवशी नको. नळी लावून काही ओढून पिऊ नका. गालावर बाहेरून फडक्यात बर्फ धरला तर सूज कमी येते. रात्री डोक्याखाली एक उशी जास्त घ्या.

पहिले २४ तास चूळ भरायची नाही. दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून जेवणानंतर हळूच तोंडात फिरवा आणि खाली सोडून द्या. खळखळून गुळण्या नकोत. बाकीचे दात मात्र घासा.

डॉक्टरांनी लिहिलेल्या गोळ्या जेवणानंतर आणि सांगितले तितके दिवस घ्या. शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका. दुखण्याची गोळी हिरडीवर ठेवून चघळू नका, त्याने हिरडी भाजते.

आणि हे घरातल्या सासूबाईंनी, मालकांनी आणि मुलांनीही ऐकायचं आहे: त्या दिवशी तिला हंडा उचलायला लावू नका. वाकून खुरपणी नको, चुलीसमोर बसणं नको. जड उचललं, खाली वाकलं की डोक्याकडे रक्त चढतं आणि जखम पुन्हा वाहायला लागते. एक दिवस घरातल्यांनी भाकरी थापली तर काही बिघडत नाही.

मिश्रीचं काय?

आता कान टवकारून ऐका, कारण हे आपल्यातल्या पुष्कळ जणींना लागू आहे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. "रक्त थांबतं" म्हणून जखमेत ती भरणाऱ्या बायका आम्ही पाहिल्या आहेत. त्याने रक्त थांबत नाही, जखम चिघळते. राख, हळद, चुना, काहीही त्या खळग्यात भरू नका.

दुसरं त्याहून मोठं. मिश्री, तंबाखू, गुटखा घेणाऱ्या बाईच्या तोंडात तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, पांढरा किंवा लाल चट्टा असेल, तोंड कमी उघडत असेल, किंवा कीड नसताना एखादाच दात अचानक हलायला लागला असेल, तर नुसता दात काढून घरी येऊ नका. डॉक्टरांना तोंड नीट तपासायला सांगा. तो कॅन्सरही असू शकतो. लवकर कळला तर उपचार होतो. दात काढल्यानंतर आठवड्यांमागून आठवडे खळगा भरतच नसेल तरीही दाखवा.

केव्हा लगेच परत जायचं?

रक्त थांबत नसेल तर स्वच्छ कापसाची किंवा उकळून वाळवलेल्या फडक्याची घडी ओली करून खळग्यावर ठेवा आणि वीस-तीस मिनिटं न बघता घट्ट दाबा. तरीही वाहत असेल तर रुग्णालय गाठा.

पहिल्या दोन दिवसांनी दुखणं कमी व्हायला हवं. उलट तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते वाढलं, कानापर्यंत कळ जायला लागली, तोंडाला घाण वास आला, तर गुठळी निघून खालचं हाड उघडं पडलं आहे असं समजा. यात जिवाला धोका नसतो, पण कळ असह्य असते. डॉक्टर जागा धुऊन औषधाची पट्टी ठेवतात आणि आराम पडतो.

खालची दाढ काढल्यावर दुसऱ्या दिवशीही ओठ बधिरच राहिला, किंवा वरची दाढ काढल्यावर प्यायलेलं पाणी नाकातून यायला लागलं, तर तेही सांगा.

आणि सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली गळ्याकडे उतरायला लागली, गिळता येईना, तोंड उघडेना, श्वास जड झाला, तर रात्र असो की पहाट, थांबायचं नाही. १०८ ला फोन करा. आमच्या काकू या टप्प्याच्या अगदी जवळ पोचल्या होत्या.

तुम्ही विचारलेले प्रश्न

मागच्या आठवड्यात तुम्ही फोन करून आणि चिठ्ठ्या पाठवून प्रश्न विचारले होते. त्यांतले काही घेतो.

*वरची दाढ काढली तर नजर कमी होते का?*
नाही. डोळ्याची नस वेगळी आणि दाताची वेगळी. चाळिशीनंतर नजर कमी होतेच आणि दातही त्याच वयात जातात, म्हणून लोकांनी दोन्हीची गाठ मारली.

*पाळीत दात काढता येतो का?*
येतो. अशक्तपणा फार वाटत असेल तर दोन दिवस पुढे ढकला, एवढंच.

*सूनबाईला पाचवा महिना आहे आणि दाढ दुखते. बाळंतपणापर्यंत थांबावं का?*
ताई, थांबू नका. चौथा ते सहावा महिना हा दातांच्या उपचारासाठी सगळ्यात सोयीचा काळ. गरोदर असल्याचं डॉक्टरांना आधी सांगा आणि मनाने कोणतीच गोळी देऊ नका. पू अंगात ठेवणं आई आणि बाळ दोघांसाठी वाईट.

*मुलाची किडलेली दाढ दुधाचीच आहे, पडेलच ना?*
इथे फार गफलत होते. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. कोणताही दात न पडता ती येते, म्हणून आईला ती दुधाचीच वाटते. पण ती कायमची असते, तिच्या जागी पुन्हा दाढ येत नाही. म्हणून मुलांची दाढ काढण्याआधी ती दुधाची की पक्की, हे नक्की विचारा.

जाता जाता

काकू आता बऱ्या आहेत. मधुमेहाची गोळी रोज घेतात, मिश्री सोडायच्या प्रयत्नात आहेत. कधी जमतं, कधी नाही, पण डबी आता कमरेला नसते. आमच्या गटाने दोन गोष्टी ठरवल्या. गटाच्या पैशांतून आजारपणासाठी छोटी उचल कुणालाही त्याच दिवशी द्यायची, बैठकीची वाट बघायची नाही. आणि दवाखान्यात कुणी एकटीने जायचं नाही, पाळीपाळीने एकीने सोबत जायचं. दोन्हीला फारसा खर्च आला नाही. तुमच्या गटातही हा विषय पुढच्या बैठकीत काढून बघा.

दाढ ठणकत असेल तर आज सुगी आहे, उद्या लग्न आहे, परवा बाजार आहे, असं म्हणू नका. शेतातलं काम आपल्यासाठी थांबतं, पू थांबत नाही.

पुढच्या भागात हिरड्यांतून रक्त येण्याबद्दल बोलू. तोवर रात्री झोपताना एकदा दात घासत जा. नमस्कार!